मका : वाण, काढणीची वेळ आणि दाण्याचा गुण

मक्याचा दाणा चांगला शिजेल, फुटेल की दळला जाईल, हे त्याच्या वाणावर आणि काढणीच्या दिवशी त्यात किती पाणी व साखर आहे यावर ठरते. दाण्यातला गर दोन प्रकारचा असतो : कडेला काचेसारखा कठीण, आत पिठूळ. फ्लिंट मक्यात कठीण गर जास्त, म्हणून त्याचा रवा व भरडा चांगला पडतो. डेंट मक्याचा मऊ गर वाळताना आक्रसतो, दाण्याच्या डोक्यावर खळगा पडतो आणि दळल्यावर पीठ अधिक निघते. मक्यात ग्लुटेन, म्हणजे कणकेला चिवटपणा देणारे प्रथिन, नसल्याने भाकरीचे पीठ गरम पाण्यात मळावे लागते. रवाळ पिठाची भाकरी थापताना कडेला चिरतेच.

बेबीकॉर्न कणसाचे केस बाहेर पडल्यावर १ ते ३ दिवसांत खुडतात. स्वीटकॉर्न केस आल्यापासून साधारण १८ ते २२ दिवसांनी तयार होते. कॅलेंडरपेक्षा नख भरवशाचे : दाण्यात रुतवल्यावर पाणी आले तर कणीस कोवळे, दुधासारखा चीक आला तर काढणीजोगे, घट्ट लगदा लागला तर वेळ टळली. स्वीटकॉर्नच्या वाणात जनुकीय बदलामुळे साखरेचा स्टार्च पूर्ण होत नाही. तरी साध्या गोड वाणात खुडल्यानंतरही ती क्रिया चालू राहते, उकाड्यात तर झपाट्याने. सकाळी खुडलेले कणीस सायंकाळी गाडीवर पिठाळ लागते ते यामुळे. अतिगोड वाणांची गोडी जास्त टिकते.

धान्याच्या मक्याला मात्र घाई नडते. दाण्याच्या बुडाशी काळा थर दिसला की तो पक्व झाला. तेव्हाही ओल ३० टक्क्यांच्या वर असते. साठवणीसाठी ती १२ टक्क्यांपर्यंत उतरवावी लागते, नाहीतर बुरशी येऊन अफ्लाटॉक्सिन या बुरशीच्या विषाचा धोका वाढतो. फार गरम हवेत वाळवल्यास दाण्याला आतून तडे जातात, रव्याऐवजी चुरा निघतो आणि कारखान्यात स्टार्च नीट सुटत नाही.

सर्वांत काटेकोर लाह्यांचा मका. पूर्ण पिकलेल्या दाण्यात १३-१४ टक्के ओल हवी. सुमारे १८० अंश सेल्सियसला आतली वाफ टरफल फोडते. टरफलाला तडा असेल तर वाफ आधीच निसटते आणि कढईच्या तळाशी गणंग उरतात. दाणे नुसतेच जास्त वाळले असतील, तर थोडा पाण्याचा हबका मारून बरणी दोन-तीन दिवस बंद ठेवली की ते पुन्हा फुटू लागतात.