उजेड कंपनीचा, राउटर आपला

मानवतला माझ्या मामाचा जुना वाडा आहे. दगडमातीच्या दीड-दीड हात रुंद भिंती, वर माळवद. भर मे महिन्यातही माजघरात गारवा असतो. दोन वर्षांपूर्वी तिथे फायबरचं कनेक्शन आलं. केबलवाल्याच्या पोरानं खांबावरून बारीक काळी तार आणली, ढेलजेत, म्हणजे दारालगतच्या ओसरीत, खिळा ठोकून पांढरा डबा टांगला आणि मोबाइलवर वेग मोजून दाखवला. पुरे १०० एमबीपीएस. पण माझी मामेबहीण नीटचा अभ्यास करते ती माजघरात, आणि तिथे लेक्चर मिनिटामिनिटाला अडकायचं. शेवटी मामाचा फोन आला : "आरं, पैसे शंभराचे भरतोय अन् माजघरात नेट चालना गेलंय. आपला स्वतःचा राउटर आणून बसवला तर चालंल का?"

चालतो. मात्र त्याआधी त्या पांढऱ्या डब्यात काय आहे ते समजून घ्यायला हवं, कारण आपण ज्याला सरसकट 'राउटर' म्हणतो त्या एका डब्यात दोन वेगळी यंत्रं बसवलेली असतात. एक आहे ओएनटी. काचेच्या तारेतून आलेल्या प्रकाशाचं विजेच्या संदेशात रूपांतर करणं आणि घरातून निघालेला संदेश पुन्हा प्रकाशात घालणं हे त्याचं काम. दुसरा खरा राउटर : घरातल्या मोबाइल, टीव्ही, लॅपटॉपना पत्ते वाटणारा, वायफाय पसरवणारा, बाहेरून येणाऱ्याला दारात अडवणारा. दुसरं यंत्र आपण खुशाल बदलू शकतो. पहिलं कंपनीच्या ताब्यात का ठेवावं लागतं, याचं उत्तर त्या तारेत आहे.

आपल्या घरी येणारी तार एकट्या आपली नसते. कंपनीच्या ऑफिसातल्या ओएलटी नावाच्या यंत्रातून एक तार निघते. वाटेत स्प्लिटर लागतो आणि त्या एका तारेचा प्रकाश ३२ किंवा ६४ घरांत वाटला जातो. ३२ घरं म्हणजे पाच वेळा निम्मं-निम्मं. निघताना दोन-तीन मिलिवॅट असलेला प्रकाश मामाच्या ढेलजेत पोचला तेव्हा पॉवर मीटरवर उणे २१ डीबीएम (प्रकाशाची ताकद मोजायचं माप) दिसत होतं. एका वॅटचे सव्वा लाख भाग केले तर त्यातला एक. एवढ्याशा प्रकाशावर अख्खं घर चालतं, ही मला आजही नवलाची गोष्ट वाटते. हे जमतं ते काचेच्या शुद्धतेमुळे. प्रकाश वाटेत संपतो तो काचेच्या स्वभावामुळे नव्हे, तिच्यातल्या अशुद्धीमुळे, हे चार्ल्स काओ यांनी १९६६ साली मांडलं आणि त्या कामासाठी २००९ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. आजच्या तारेत किलोमीटरमागे जेमतेम पाच ते आठ टक्के प्रकाश कमी होतो.

येणारा प्रकाश सगळ्या ३२ घरांत सारखाच पोचतो. प्रत्येक ओएनटी त्यातला आपल्या नावाचा भाग उचलतो आणि बाकीचा सोडून देतो. शेजाऱ्याचा भाग कुलूपबंद करून पाठवलेला असल्यामुळे तो आपल्याला वाचता येत नाही. खरी कसोटी जाणाऱ्या प्रकाशाची. ३२ घरांनी एकाच तारेत एकाच वेळी प्रकाश सोडला तर ऑफिसात नुसता गोंधळ पोचेल. म्हणून तिथे पाळी असते.

परभणी जिल्ह्यात पाळी समजावून सांगावी लागत नाही. जायकवाडीच्या डाव्या कालव्याचं आवर्तन सुटलं की चारीवर कुणाचं दार कधी उघडायचं आणि कधी पाडायचं ते ठरलेलं असतं. पाटकरी त्यावर लक्ष ठेवतो. फायबरमधला पाटकरी म्हणजे ओएलटी. जीपॉन या आपल्याकडच्या सर्रास पद्धतीत तो सेकंदाचे आठ हजार तुकडे पाडतो, म्हणजे एक तुकडा १२५ मायक्रोसेकंदांचा. त्या प्रत्येक तुकड्यात कोणत्या घरानं कुठून कुठपर्यंत बोलायचं हे तोच सांगतो. ज्याच्याकडे पाठवण्यासारखं जास्त आहे त्याला जास्त वेळ, गप्प बसलेल्याला नाममात्र.

हेड आणि टेलचा, म्हणजे चारीच्या तोंडाशी असलेल्याचा आणि शेवटाला असलेल्याचा, प्रश्न इथेही आहेच. काचेतून एक किलोमीटर जायला प्रकाशाला सुमारे पाच मायक्रोसेकंद लागतात. एक घर ऑफिसपासून एक किलोमीटरवर आणि दुसरं आठ किलोमीटरवर असेल, तर दोघांनी एकाच क्षणी सोडलेला प्रकाश पोचेल वेगवेगळ्या वेळी. म्हणून ओएनटी सुरू झाला की ओएलटी आधी त्याचं अंतर मोजतो आणि जवळच्याला 'तू इतका वेळ थांबून बोल' असं सांगून ठेवतो. हा हिशेब किती बारीक असतो पाहा : जाणाऱ्या दिशेला सेकंदाला सुमारे १२४ कोटी बिट जातात, त्यामुळे काचेत एका बिटची लांबी वीतभरही भरत नाही.

आता एखाद्या घरातला ओएनटी बिघडला आणि पाळी सोडून सतत उजेड ओतत बसला, तर त्या चारीवरची ३२ घरं एकदम बंद पडतात. आपल्या घरात बसलेल्या चुकीची झळ शेजाऱ्याला. म्हणून कंपनी प्रत्येक ओएनटीचा सीरियल नंबर आपल्याकडे नोंदवते आणि अनोळखी नंबराला पाळीच देत नाही. बाजारातून दुसरा ओएनटी आणून तार खोचली तरी नेट येत नाही ते यामुळे. जर्मनीत १ ऑगस्ट २०१६ पासून कायद्यानंच कंपनीची हद्द भिंतीवरच्या सॉकेटपाशी संपवली आणि पुढचं यंत्र निवडायचा हक्क ग्राहकाला दिला. आपल्याकडे तो हट्ट न धरता ओएनटी त्यांचा राहू द्यावा, असं माझं मत आहे. आपला फायदा दुसऱ्या यंत्रात आहे.

ओएनटीला हात न लावण्याचं आणखी एक कारण मी मामाकडे डोळ्यांनी पाहिलं. माझ्या धाकट्या मामेभावानं डबा आत हलवायचा म्हणून हिरवा प्लग ओढून काढला, बोटानं पुसला आणि परत बसवला. लाल दिवा लागला. त्या प्लगच्या टोकाशी अडीच मिलिमीटर जाडीचा पांढरा दांडा असतो आणि त्याच्या मध्यात प्रकाशाची वाट : नऊ मायक्रॉन, केसापेक्षा कितीतरी बारीक. बोटाचा तेलकटपणा त्या वाटेवर पसरला आणि उणे २१ चं मीटर उणे २९ वर गेलं, म्हणजे प्रकाश आणखी कमी झाला. केबलवाल्याच्या पोरानं स्पिरिटच्या खास पुसणीनं टोक एकदाच, एकाच दिशेनं पुसलं आणि नेट आलं. हिरव्या प्लगचं टोक आठ अंशांत तिरकं घासलेलं असतं आणि निळ्याचं सरळ, त्यामुळे हिरवा-निळा एकमेकांना जोडू नयेत. आणि त्या टोकात डोळा लावून कधीच बघू नये. आतला प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, पण असतो.

तर मग स्वतःचा राउटर लावायचा कसा? केबलवाल्याला सांगायचं, "डबा ब्रिज मोडवर करून द्या." ब्रिज केला की डब्यातला राउटर झोपतो, ओएनटी जागा राहतो आणि आलेला संदेश जसाच्या तसा लॅन पोर्टवर ठेवतो. तिथून केबल आपल्या राउटरच्या वॅन पोर्टमध्ये, म्हणजे बाहेरचं नेट आत घेणाऱ्या पोर्टमध्ये. पुढे लागतात तीन गोष्टी : पीपीपीओईचं (कंपनीकडे लॉगिन करायच्या पद्धतीचं) युजरनेम, पासवर्ड आणि कुठेकुठे व्हीलॅनचा, म्हणजे त्याच तारेवरच्या आपल्या वेगळ्या वाटेचा, आकडा. मामानं त्या तिन्ही उसाच्या हिशेबाच्या डायरीत लिहून घेतल्या. त्याच तारेवर लँडलाइन किंवा टीव्ही असेल तर ब्रिज करण्याआधी त्याचं काय होईल ते विचारून घ्यावं.

काही ठिकाणी ब्रिज करून देत नाहीत. तेव्हा आपला राउटर त्यांच्या राउटरमागे लावता येतो. लेक्चर, व्हिडिओ, यूपीआय सगळं चालतं. फक्त दोन्ही डबे स्वतःला १९२.१६८.१.१ म्हणवत असतील तर आपल्याचा पत्ता बदलावा, आणि जुन्या डब्याचं वायफाय बंद करावं. नाहीतर मोबाइल ढेलजेतल्या अशक्त वायफायला चिकटून राहतो. आपल्या राउटरचं काम निव्वळ वायफाय पसरवण्याचं असेल तर तो ॲक्सेस पॉइंट मोडवर ठेवणं सगळ्यात सोपं; मग पत्ते जुना डबाच वाटतो.

मामाला आणखी एक हवं होतं : वाड्यातल्या कॅमेऱ्याच्या डीव्हीआरवर (चित्रण साठवणाऱ्या डब्यावर) शेतातून थेट जोडणी. ते नव्या राउटरनंही झालं नाही. राउटरच्या सेटिंगच्या पानावर वॅनचा पत्ता १०० नं सुरू होत असेल आणि दुसरा आकडा ६४ ते १२७ च्या मध्ये असेल, तर कंपनीनं एकच खरा पत्ता अनेक घरांत वाटला आहे असं समजावं. जुन्या पद्धतीचे (आयपीव्ही४) पत्ते जगात मिळून सुमारे ४३० कोटीच, ते पुरत नाहीत म्हणून ही तोड. बाहेरून हाक मारली तर ती कोणत्या घराला, हे तिथे कळतच नाही. त्यासाठी स्टॅटिक आयपी, म्हणजे आपल्या एकट्याचा कायमचा पत्ता, मागावा लागतो, किंवा कॅमेऱ्याच्या ॲपमधून बघावं लागतं.

राउटर घेताना सगळी पोर्टं गिगाबिट (१००० एमबीपीएसची) आहेत एवढं आधी पाहावं. २०० चा प्लॅन असून वेग नेमका ९४-९५ वर थांबत असेल तर वाटेत कुठेतरी १०० चं पोर्ट आहे किंवा केबलीतली एखादी तार तुटली आहे.

मुख्य गोष्ट जागेची. वायफायची ५ गिगाहर्ट्झची लहर जेमतेम सहा सेंटिमीटरची, दीड हात दगडमाती तिला सोसत नाही. २.४ ची लहर साडेबारा सेंटिमीटरची, ती थोडी आत शिरते, पण तिच्यावर गल्लीतल्या सगळ्यांची गर्दी. कितीही महागडा राउटर ढेलजेत टांगला असता तरी माजघरात तेच झालं असतं. दोन यंत्रं वेगळी केल्याचा खरा लाभ इथे मिळतो : ओएनटी प्रकाश येतो तिथे राहतो आणि राउटर माणसं बसतात तिथे जातो. मध्ये साधी लॅन केबल, ती १०० मीटरपर्यंत चालते. आम्ही ती माळवदावरून नेली आणि झरोक्यातून माजघरात सोडली. बहिणीच्या टेबलाशी आता ९४ येतात.

डबे दोन झाले म्हणजे अडॅप्टर दोन, तेव्हा लाइट गेल्यावर दोन्ही चालू राहायला हवेत. दोन्ही १२ व्होल्टचे होते, प्रत्येकाला एक छोटा यूपीएस लागला. स्प्लिटरला तर वीज लागतच नाही, तो नुसता काचेचा फाटा आहे. ऑफिसात बॅटरी आणि घरात यूपीएस असला की मधल्या सगळ्या गावात अंधार असला तरी काचेतला उजेड चालू राहतो. परवा संध्याकाळी साडेसातला लाइट गेली. मामानं ढेलजेतून आत आवाज दिला, "गेलं का गं नेट?" माजघरातून उत्तर आलं, "नाही ओ बाबा, सर शिकवायलेत."