‘फेरी’ : जाऊन परत येण्याचा शब्द

“बँकेत एक फेरी मारून येतो.” “औषधासाठी आज दुसरी फेरी झाली.” “संध्याकाळची फेरी रद्द आहे.” दिवसातून कितीदा तरी तोंडी येणारा हा शब्द. जवळच्या, थोडक्या वेळाच्या जाण्यायेण्याला मराठीत इतका नेमका शब्द दुसरा नाही, असं मला मनापासून वाटतं. तो नेमका का, हे त्याच्या मुळाकडे पाहिलं की कळतं.

‘फेरी’ आली ‘फिरणे’च्या घरातून. या धातूचा थेट पूर्वज संस्कृतात दाखवता येत नाही; प्राकृतात मात्र ‘फिरइ’ असं रूप सापडतं, आणि हिंदी-गुजरातीतही त्याची भावंडं नांदतात. फिरणे म्हणजे नुसतं चालणं नव्हे, त्यात वळणं आहे. म्हणून ‘फेर’ म्हटलं की भोंडल्याचा गोल डोळ्यांपुढे येतो. फेरविचार, फेरतपासणी या शब्दांतही पुन्हा त्याच जागी येणं आहे. थोर तो ‘फेरा’ : जन्ममरणाचा, दैवाचा, चौऱ्याऐंशी लक्ष योनींचा. दोर आणि दोरी, सुरा आणि सुरी, तसा फेरा आणि फेरी. फेऱ्यात माणूस सापडतो, फेरी तो स्वतःहून मारतो.

म्हणजे निघालो तिथे परत येणं हे फेरीच्या अर्थातच बसलेलं आहे. “येतो” हे वेगळं सांगावं लागत नाही.

शेजारचे शब्द लावून पाहिले की हे आणखी स्पष्ट होतं. ‘खेप’ म्हटलं की ओझं आलं : पाण्याच्या चार खेपा, विटांच्या दहा. ‘फेरफटका’ बिनकामाचा. काम न होता परतलो तर तो ‘हेलपाटा’, आणि त्याच कामासाठी पुन्हा पुन्हा जावं लागलं तर ते ‘खेटे’. सरकारी कचेरीत फेऱ्या घालणं आणि खेटे घालणं यांतला फरक ज्याने भोगला आहे त्याला कोशाची गरज पडत नाही. फेरी मात्र ओझ्याबद्दल बोलत नाही की फळाबद्दल. ती फक्त गेलो आणि आलो एवढंच सांगते.

जुन्या फेऱ्या पायी होत्या. मोरपिसांची टोपी घालून पहाटे दारोदार जाणाऱ्या वासुदेवाची फेरी, भिक्षेची फेरी, बांगड्या किंवा कापड घेऊन आळी-आळीतून हिंडणाऱ्याची फेरी. त्यातूनच ‘फेरीवाला’. स्वातंत्र्यलढ्यात, विशेषतः 1930 च्या सविनय कायदेभंगाच्या दिवसांत, उजाडताना गाणी म्हणत वस्तीतून निघणारी ‘प्रभातफेरी’ घराघरांत पोहोचली. शाळांनी ती 15 ऑगस्ट आणि 26 जानेवारीला जपली आहे. शाळेतून निघते, गावातून वळसा घेऊन शाळेतच संपते. फेरीवाला मात्र बराचसा एका जागी स्थिरावला. शहरांतल्या पदपथावर वर्षानुवर्षं एकाच ठिकाणी बसणाऱ्यालाही आपण फेरीवालाच म्हणतो. 2014 च्या केंद्रीय कायद्याने ‘पथविक्रेता’ हा शब्द घेतला, पण तो बोलण्यात उतरला नाही.

शब्दाला खरी कलाटणी दिली ती वेळापत्रकाने. 1 जून 1948 रोजी पुणे–अहमदनगर (आताचं अहिल्यानगर) मार्गावर एसटीची पहिली गाडी धावली आणि पुढे गाव तिथे स्थानक-थांबा होत गेला. आगाराला हिशेब ठेवायचा तर जाणं वेगळं आणि येणं वेगळं मोजणं भाग होतं. मुंबईत मध्य रेल्वेच्या लोकलच्या दिवसाला 1,800 हून अधिक ‘फेऱ्या’ होतात असं आपण वाचतो, तेव्हा सीएसएमटीहून कल्याणला जाणारी एक आणि कल्याणहून येणारी दुसरी असा तो हिशेब असतो. फेरीतला परतीचा अर्धा भाग असा गळून पडला, आणि ‘परतीची फेरी’ हा मुळात पुनरुक्त वाटावा असा शब्दप्रयोग गरजेचा झाला.

‘फेरीबोट’चं प्रकरण वेगळं आहे. दाभोळ–धोपावे किंवा भाऊचा धक्का–मांडवा या जलमार्गांवरची फेरी इंग्रजीतून आलेली. तिचं मूळ ‘वाहून नेणे’ या अर्थाच्या जुन्या इंग्रजी क्रियापदात आहे. आपल्या फेरीशी तिचं रक्ताचं नातं नाही, नुसता आवाज जुळला. तरी दिवसभर या काठावरून त्या काठाला जाऊन परत येणाऱ्या बोटीला हे नाव इतकं शोभलं, की खाडी ओलांडणाऱ्या होडीचं जुनं ‘तर’ हे नाव मागे पडलं. मला त्याची हळहळ वाटते.

मतमोजणीची फेरी, अकरावीची प्रवेश फेरी, उपांत्य फेरी, चर्चेची फेरी यांत प्रवास उरला नाही, गोल तेवढा उरला.

एसटीच्या बोलीत मात्र जुना अर्थ एका ठिकाणी अजून टिकून आहे : मुक्कामी गाडीत. तालुक्याहून संध्याकाळी निघालेली शेवटची फेरी गावात रात्र काढते, चालक-वाहक तिथेच झोपतात आणि पहाटे तीच गाडी दुधाच्या किटल्या, बाजारकरी आणि कॉलेजची मुलं घेऊन माघारी जाते. आगाराच्या नोंदीत त्या दोन फेऱ्या. गावात त्या कुणी दोन मोजत नाही. रात्री गाडी आली नाही तर सकाळची नसणार, हे दप्तर भरून ठेवणाऱ्या मुलीलाही ठाऊक असतं.