कामात कमी पडणारा कामगार आणि ‘छाटणी’चा बदलता अर्थ

काम करत नाही आणि काम जमत नाही, या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. कायद्यात नाव आहे ते फक्त पहिलीला. 1946 च्या स्थायी आदेश कायद्याखालच्या नमुना आदेशांत, म्हणजे कारखान्यातल्या नोकरीच्या लेखी नियमांत, कामातली वारंवार हयगय हे गैरवर्तन ठरत असे. आरोपपत्र, चौकशी, मग शिक्षा. पण प्रामाणिकपणे धडपडूनही ज्याचा माल रिजेक्ट होतो, त्याच्यावर आरोप काय ठेवणार?

त्याला पूर्वी आरोप न ठेवता, महिन्याची नोटीस देऊन घरी पाठवत. 1953 मध्ये औद्योगिक विवाद कायद्यात छाटणीची भरपाई आली, तरी ही वाट उघडीच राहिली. कारण बार्शी लाइट रेल्वेच्या खटल्यात 1956 साली सर्वोच्च न्यायालयाने छाटणी म्हणजे चालू उद्योगातले जादा कामगार कमी करणे, असा अर्थ लावला. कमी पडणारा माणूस काही ‘जादा’ नव्हे. 1976 मध्ये स्टेट बँक विरुद्ध सुंदरा मनी निकालाने छाटणीच्या व्याख्येतले ‘कोणत्याही कारणाने’ कामावरून कमी करणे हे शब्द जसेच्या तसे घेतले आणि 1990 मध्ये घटनापीठाने त्यावर शिक्कामोर्तब केले. शिस्तभंगाची शिक्षा, निवृत्ती, दीर्घ आजारपण असे मोजके अपवाद वगळले, तर बाकी सारी छाटणीच.

एचआरवाले फसतात ते इथे. वर्षात 240 दिवस भरलेल्या कामगाराला महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, वर दर वर्षामागे 15 दिवसांचा सरासरी पगार. 8 वर्षांचे 120 दिवस. तोही कमी करतानाच हातात. चेक पुढच्या आठवड्यात दिला की आदेश कोसळला. शिवाय शेवटी आलेला आधी जातो. जुन्याला काढून नव्याला ठेवायचे तर कारण नोंदवावे लागते. तिथे ‘काम असमाधानकारक’ हा मेमो कुचकामी. ‘3 ते 15 जून, ठरलेल्या 40 ऐवजी रोज 26 नग, मशीन बंद नव्हते, 16 पासून दोन आठवडे प्रशिक्षण’ असा मेमो कोर्टात बोलतो.

उगाच हयगयीचा आरोप चिकटवावा, तर डिसेंबर 1971 पासून औद्योगिक विवाद कायद्यात कलम 11 अ होतेच: चौकशी निर्दोष असली तरी न्यायालय पुरावा पुन्हा तपासून शिक्षा कमी करू शकत असे.

21 नोव्हेंबर 2025 पासून या जुन्या कायद्यांच्या जागी औद्योगिक संबंध संहिता लागू झाली. स्थायी आदेशांची सक्ती 300 कामगारांपासून आली, मुदतीची नोकरी संपणे छाटणीतून वगळले गेले. ‘कोणत्याही कारणाने’ हे शब्द मात्र जागच्या जागी आहेत.