फेसप्रवाह

फेसप्रवाह : पातळ द्रवपटलांनी वेगळे राखलेले वायूचे बुडबुडे दाटीने एकत्र वाहतात, त्या हालचालीस ही संज्ञा आहे. वायू आणि द्रव दोन्ही वाहणारे असूनही अल्प प्रतिबलाखाली (एकक क्षेत्रावरील बलाखाली) फेस घनासारखा आकार धरून राहतो व ठरावीक मर्यादेनंतरच वाहतो. दाढीचा फेस तळहातावर उभा राहतो आणि बोटाने सहज पसरतो, तो यामुळेच.

बेल्जियन भौतिकीविज्ञ झोझेफ प्लॅटो यांनी १८७३ मध्ये ग्रंथरूपाने मांडलेल्या नियमांनुसार कोरड्या फेसात तीन पटले १२०° कोनात एका कडेवर मिळतात व चार कडा सु. १०९·५° कोनात एका बिंदूत. फेस ढकलला की एखादे पटल आखडत जाते. ते नाहीसे होताच रचना अस्थिर बनून क्षणात बदलते : लगतचे दोन बुडबुडे दुरावतात व दुरावलेले दोन शेजारी होतात. फेसाचे वाहणे म्हणजे अशा शेजारबदलांची मालिकाच. संथ ताणले जाणे आणि मग एकदम उसळी. द्रवाचे प्रमाण सु. ३६ टक्क्यांवर गेले की बुडबुडे गोल होऊन सुटतात आणि ताठरपणा संपतो.

प्रवाह फेसभर पसरतो की एका पट्ट्यात एकवटतो, याविषयी मतभेद आहेत. भौतिकीविज्ञ ब्रॅग व नाय यांनी १९४७ मध्ये स्फटिकांची प्रतिकृती म्हणून साबणाच्या पाण्यावर बुडबुड्यांचा एकेरी थर वापरला. पुढे तोच प्रवाहाच्या अभ्यासातही आला. दब्रेजा व सहकाऱ्यांच्या २००१ च्या प्रयोगात, काचेच्या दोन तबकड्यांमधील फेसात गोल चकती फिरवली असता हालचाल चकतीलगतच्या मोजक्या थरांपुरतीच राहिली. शेजारबदलांमुळे फेस स्वतःच असा दुभंगतो, असे एक मत. काचेचे घर्षण हे कारण, असे दुसरे. काचेचे झाकण ठेवून व काढून घेतलेल्या डेनिन गटाच्या प्रयोगांत (२००६) झाकण असतानाच हालचाल कडेला एकवटली. त्यामुळे निदान काचेखालच्या फेसापुरते दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. मात्र घर्षण न धरलेल्या काही संगणकीय प्रतिकृतींतही एकवटणे दिसले आहे. शिवाय वर्तुळाकार मांडणीत प्रतिबल मुळातच केंद्रापासून दूर घटत जाते. हा मुद्दा वादात पुष्कळदा मागे पडतो. भिंतीलगतच्या घर्षणाचा नियमही सरळ नाही. ब्रेदरटन यांच्या १९६१ च्या विश्लेषणावरून ते गतीच्या दोन-तृतीयांश घाताने वाढते : गती आठपट, तर घर्षण चौपट.

जटिल द्रायूतील, म्हणजे पाण्यासारख्या साध्या नियमाने न वाहणाऱ्या प्रवाही पदार्थातील, एकटा बुडबुडाही वेगळा वागतो. बहुवारिकाच्या (लांब साखळीरूप रेणूंच्या पदार्थाच्या, पॉलिमरच्या) विद्रावात त्याचे शेपूट टोकदार होते, विशिष्ट आकारमानाला वर चढण्याचा वेग एकदम कित्येक पटींनी वाढतो (आस्तारिता व अपुझ्झो, १९६५) आणि मागचा द्रव त्याच्यामागे न जाता उलट खाली सरकतो (हासागर, १९७९). या वेगउडीचे सर्वमान्य स्पष्टीकरण नाही. पृष्ठभागावरील साबणसदृश रेणू आणि द्रवाची स्थितिस्थापकता या दोहोंकडे बोट दाखवले जाते.

पुण्यातील पाषाण रस्त्यावरच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत (उद्घाटन १९५०) जटिल द्रायू व बहुवारिक अभियांत्रिकीचे संशोधन चालते; रघुनाथ माशेलकर यांच्या अभ्यासाचाही हा विषय होता. पुणे परिसरात फेस ठळकपणे दिसतो तो मुळा-मुठेत व आळंदीला इंद्रायणीत. सांडपाण्यातील धुलाईद्रव्ये बंधाऱ्यावरून कोसळताना हवा कोंडून घेतात. काठावर थोडे थांबून पाहिल्यास पाण्यावर फेसाच्या लाद्या अखंड सरकताना दिसतात. खडकाला अडून लादी वळते तेथेच बुडबुडे शेजारी बदलतात. वारकरी ज्या पात्रात स्नान करतात तेथे हे पाहावे लागणे क्लेशदायक आहे.

पुणे जिल्ह्यातील गुऱ्हाळांत फेसाचे ज्ञान परंपरेने आले आहे. उकळता रस उतू जाऊ लागला की काहिलीत थोडे तेल टाकतात; ते पटलांत शिरून ती फोडते आणि फेस बसतो. रस आटत जाईल तशी श्यानता (दाटपणा) वाढते, आणि आधीचा बारीक, चपळ फेस जाऊन मोठे, जड बुडबुडे सावकाश फुटू लागतात. ती चाल पाहून, आणि पाकाचा थेंब थंड पाण्यात टाकून त्याची गोळी होते का ते तपासून, गुळव्या काहील उतरवतो.