झिजलेला गुडघा, फुटलेली वाटी

गुडघे आधीच झिजलेले, त्यात पडून गुडघ्याची वाटी फुटते. घरचे विचारतात, "ऑपरेशन करायचंच आहे, तर गुडघाच बदलून टाकू या का?" प्रश्न रास्त आहे. पण वाटी जोडणं आणि गुडघा बदलणं या दोन शस्त्रक्रिया वेगवेगळ्या वाटांनी वाढल्या, म्हणून उत्तर सोपं नाही.

वाटी म्हणजे मांडीच्या पुढच्या स्नायूच्या दोरीत ओवलेलं हाड. ती आडवी फुटली की स्नायू वरचा तुकडा ओढून घेतो आणि मध्ये फट पडते. पूर्वी पाय सरळ बांधून रुग्णाला कित्येक आठवडे निजवून ठेवत. तुकडे हाडानं न जुळता तंतूंनी जुळत आणि पाय कमजोर राहत असे. सांधा उघडायला कुणी धजत नव्हतं, कारण पू झाला तर पाय जाई, जीवही जाई. १८७७ साली लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलात जोसेफ लिस्टर यांनी जंतुनाशक कार्बोलिक आम्लाच्या भरवशावर गुडघा उघडला आणि वाटी चांदीच्या तारेनं जोडली. त्याच वर्षी ग्लासगोत हेक्टर कॅमरन यांनीही हेच केलं होतं.

पुढे गाडी भलत्याच रुळावर गेली. १९३७ मध्ये राल्फ ब्रुक यांनी मांडलं की वाटी निरुपयोगी आहे, काढून टाकली तरी चालेल. हा सल्ला बराच काळ पाळला गेला याचं मला आजही वाईट वाटतं. वाटी स्नायूला तरफेचं बळ देते, हे हॅक्स्टन यांनी १९४५ मध्ये दाखवलं. खुर्चीतून उठताना, जिना चढताना म्हाताऱ्या माणसाला नेमकं तेच बळ लागतं.

खरी सुटका केली ती 'टेन्शन बँड' तारेनं. मूळ तत्त्व पाउवेल्स यांचं, ते रुजवलं १९५८ साली स्वित्झर्लंडमध्ये स्थापन झालेल्या, मोडलेली हाडं जोडण्याचं तंत्र सुधारणाऱ्या सर्जनांच्या एओ गटानं. वाटीच्या पुढून इंग्रजी आठच्या आकारात तार घातली की गुडघा वाकताना तुकडे एकमेकांवर दाबले जातात, त्यामुळे हालचाल लवकर सुरू करता येते. मात्र ठिसूळ हाडात तार रुतते, तिच्या आधारासाठी वाटीत घातलेल्या पिना मागे सरकून पातळ कातडीखाली टोचतात.

गुडघा बदलण्याचा आजचा नमुना १९७४ च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये इन्सॉल, राणावत आणि वॉकर यांनी घडवला. याच चित्तरंजन राणावतांनी २००० साली मुंबईच्या ब्रीच कँडीत वाजपेयींचा गुडघा बदलला.

दोन्ही एकदम करायचं तर अडचण इथे येते: बदललेला गुडघा पहिल्या दिवसांपासून वाकवावा लागतो, नुकत्याच जोडलेल्या वाटीला मात्र तो ताण सोसेलच असं नाही. शिवाय सांधा बदलताना वाटीचा रक्तपुरवठा आणखी तुटतो, आणि मागे प्लास्टिकची बटणी बसवायला फुटक्या वाटीत पुरेसं हाड नसतं. म्हणून पुष्कळदा आधी वाटी जोडतात, ती जुळली की मग सांध्याचा विचार करतात. तुकडे सरकलेले नसतील आणि रुग्ण पाय सरळ ठेवून खाटेवरून उचलू शकत असेल, तर पट्टा बांधून थांबणंच बरं. दुखलं तरी डॉक्टर पाय उचलून दाखवायला सांगतात, ते यासाठीच.