बालवाडी अंगणात आली तेव्हा: घरच्या खेळसाहित्यामागचा इतिहास

तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी घरी कोणते खेळ घ्यावेत, असे पालकांनी विचारले की उत्तरात काही गोष्टी हमखास येतात: चिंचोके आणि वाल वेगळे करणे, एका भांड्यातले पाणी न सांडता दुसऱ्या भांड्यात ओतणे, कणकेचे गोळे वळणे, स्वतःची बटणे स्वतः लावणे, सारख्या आकाराच्या पानांच्या जोड्या जुळवणे. हे सारे आजीच्या काळापासून चालत आलेले आहे असे वाटते आणि काही अंशी ते खरेही आहे. मात्र शिक्षणाचे साधन म्हणून त्यांची निवड कोणी केली, सोप्याकडून अवघडाकडे त्यांचा क्रम कसा लागला, आणि मोठ्यांनी त्या वेळी जवळ बसून गप्प राहावे हा आग्रह कोठून आला, याला शंभर वर्षांहून अधिक काळाचा इतिहास आहे. महाराष्ट्रापुरता त्याचा सर्वांत मोलाचा भाग मुंबई-पुण्यात घडला नसून डहाणू तालुक्यात, बोर्डी आणि कोसबाड येथे घडला.

आरंभ मात्र रोम शहरातला आहे. व्यवसायाने डॉक्टर असलेल्या मारिया माँटेसोरी यांनी १९०७ साली तेथील सान लोरेन्झो या गरीब कामगारवस्तीत पहिले बालगृह उघडले. आईवडील कामावर गेले की मुले दिवसभर इमारतीत मोकळी हिंडत, भिंती खराब करत, म्हणून त्यांना एका जागी सांभाळण्याची सोय हवी होती. त्या गरजेतून हे बालगृह निघाले. हातात योग्य वस्तू मिळाली तर लहान मूल तीच कृती पुन्हा पुन्हा, कोणी न सांगता, मन लावून करते हे तेथे दिसले. भोकांत नेमके बसवायच्या लाकडी दट्ट्यांच्या पेट्या, चढत्या आकाराच्या ठोकळ्यांचा मनोरा, खरखरीत कागदाची अक्षरे हे साहित्य त्या निरीक्षणातून आकाराला आले. ही पद्धत गरिबांच्या चाळवजा इमारतीत वाढली, हे येथे मुद्दाम नोंदवतो, कारण पुढे जगभर ती श्रीमंतांची पद्धत म्हणून ओळखली गेली.

भारतात तिला मातीची ओळख करून दिली ती भावनगरने. वकिली सोडून १९१६ साली दक्षिणामूर्ती या संस्थेत आलेले गिजुभाई बधेका यांनी १९२० साली तेथे बालमंदिर सुरू केले. माँटेसोरीची साधने त्यांनी घेतली, पण त्यांच्या जोडीला गोष्टी, लोकगीते, नाट्य आणि बागकाम आणले. याच संस्थेत १९२३ साली ताराबाई मोडक दाखल झाल्या. मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर असलेल्या ताराबाईंनी राजकोटला अध्यापिकांच्या प्रशिक्षण महाविद्यालयाचे प्राचार्यपद सांभाळले होते. ते सोडून त्या अडीच-तीन वर्षांच्या मुलांसोबत जमिनीवर बसल्या. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. संघाच्या ‘शिक्षणपत्रिके’मुळे मुलाला मारू नये, भीती घालू नये, त्याच्या हातचे काम हिसकावून घेऊ नये हे विचार आधी गुजराती आणि नंतर मराठी घरांत पोहोचू लागले. पालकांसाठी बालसंगोपनाच्या सूचना लिहिण्याच्या परंपरेत या पत्रिकेचे स्थान फार वरचे आहे.

१९३६ साली ताराबाईंनी मुंबईत दादरला शिशुविहार सुरू केला. तो नावारूपाला आला, शिक्षिकांचे प्रशिक्षणही तेथे होऊ लागले. पण येणारी मुले मुख्यतः मध्यमवर्गीय घरांतली होती आणि साहित्य महाग होते. गावातल्या आणि पाड्यावरच्या मुलांचे काय, हा प्रश्न त्यांची पाठ सोडत नव्हता. वयाची पन्नाशी ओलांडल्यावर, १९४५ साली, त्यांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र उघडले. बालविधवा म्हणून आयुष्य सुरू झालेल्या आणि कष्टाने शिकून शिक्षिका झालेल्या अनुताई वाघ याच वर्षी त्यांना येऊन मिळाल्या, त्या कायमच्या.

बोर्डीत पहिला धडा साहित्याचा नव्हता, तो पाण्याचा होता. मुले उपाशी, अंगावर खरूज, केसांत उवा अशा अवस्थेत येत किंवा येतच नसत. त्यामुळे आंघोळ घालणे, केस विंचरणे, नखे काढणे हा बालवाडीच्या कामाचाच भाग झाला. शहरी माँटेसोरी वर्गात बटणे लावण्याचा सराव लाकडी चौकटीवर करून घेतला जाई; येथे तोच सराव मूल स्वतःच्या सदऱ्यावर करू लागले. खेळ आणि संगोपन ही दोन वेगळी कामे आहेत, ही समजूत बोर्डीत आपोआप गळून पडली.

दट्ट्यांच्या पेट्यांची जागा शंखशिंपले, बिया, गोटे, पाने, काड्या, बांबू आणि माती यांनी घेतली. या बदलाकडे केवळ काटकसर म्हणून पाहणे अन्यायाचे होईल. एखाद्या अंगणवाडीत चार वर्षांच्या मुलीला चिंचोके निवडताना जवळून पाहावे. ती अंगठा, तर्जनी आणि मधले बोट यांच्या चिमटीत चिंचोका धरते, अंगठ्याने त्याचा गुळगुळीतपणा चाचपते, किडका असेल तर बाजूला ठेवते, आणि मग तांबूस आणि काळपट असे दोन ढीग करते, जे आपण तिला सांगितलेलेही नसते. पेन्सिल धरायला हीच चिमूट लागते. वर्गीकरण, मोजणी आणि एकाग्रता एकाच वेळी चाललेली असते, आणि साहित्य हरवले तर झाडाखाली दुसरे मिळते. ठोकळ्यांचा मनोरा एका पद्धतीनेच बरोबर लागतो. चिंचोक्यांचे तसे नाही. (एका अंगाने घासून पांढरे केलेले चिंचोके सोंगट्यांच्या खेळात फाशांसारखे टाकण्याची रीत आपल्याकडे जुनीच आहे, बालवाडीने परक्या वस्तूऐवजी ओळखीची वस्तू उचलली ती अशी.)

तरीही मुले पुरेशी येत नव्हती. कोणी धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन सांभाळत होते, कोणी गुरे राखत होते. मूल बालवाडीत येत नसेल तर बालवाडीनेच त्याच्याकडे जावे, असा विचार ताराबाईंनी केला आणि मध्यवर्ती बालवाडीच्या जोडीला पाड्यांवरच्या अंगणांत भरणारी अंगणबालवाडी सुरू झाली. शिक्षिका साहित्याची पिशवी घेऊन जाई, अंगण झाडून घेई आणि तेथेच गाणी, गोष्टी, खेळ होत. दारात बसलेल्या आया हे सारे पाहत. शिक्षिका मुलाशी कशी बोलते हे त्यांच्या कानावर पडे. व्याख्यान न देता झालेले ते पालकशिक्षण होते, आणि माझ्या मते या प्रयोगाचे सर्वांत मोठे यश तेच आहे. १९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर हलले. तेथे गुराख्यांसाठी चरणीच्या जागीच कुरणशाळा भरली, आणि पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकाच आवारात आणणारी विकासवाडी उभी राहिली: तान्हे भावंड पाळण्यात, मधले बालवाडीत, मोठी बहीण वर्गात. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण मिळाले. १९७३ साली त्या गेल्या आणि पुढचे काम अनुताईंनी १९९२ पर्यंत, अखेरच्या श्वासापर्यंत केले.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातील ३३ विकास गटांत सुरू झाली. तिच्या केंद्रांना मिळालेल्या ‘अंगणवाडी’ या नावामागे कोसबाड-बोर्डीचीच कल्पना असल्याचे मानले जाते. या योजनेत पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी यांच्याबरोबर शालापूर्व शिक्षणही होते. परंतु कुपोषणाचा प्रश्न इतका तीव्र होता, आणि सेविकेवर नोंदवह्यांचा भार इतका, की खेळाचा तास अनेक ठिकाणी मागे पडला. सेविकांना दोष देणे मला योग्य वाटत नाही. एकीने वजन करायचे, आहार वाटायचा, गृहभेटी द्यायच्या आणि वेगवेगळ्या वयांच्या मुलांना एकाच खोलीत खेळवायचे, हे सोपे काम नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे हा सलग पायाभूत टप्पा मानून खेळाला पुन्हा मध्यभागी आणले आहे.

दरम्यान शहरांत ‘माँटेसोरी’ हे नाव महागड्या लाकडी खेळण्यांच्या खोक्यांवर छापले जाऊ लागले आणि अडीच वर्षांच्या मुलांच्या हातात पाटी देणाऱ्या वर्गांच्या फलकांवरही. ज्या घरांत असे खोके परवडत नाही त्या घरांतल्या आईवडिलांना आपण मुलाला काही कमी देत आहोत असे वाटते, आणि याचे मला मनापासून वाईट वाटते. बोर्डीचे साहित्य त्यांच्या स्वयंपाकघरात आजही आहे. एका ताटलीत वाल आणि राजमा मिसळून दोन वाट्या पुढे ठेवाव्यात. पहिल्यांदा आपण सावकाश, न बोलता करून दाखवावे. मग हात मागे घ्यावा. मुलाने वाल राजम्याच्या वाटीत टाकला तरी लगेच दुरुस्त करू नये, कारण पुष्कळदा थोड्या वेळाने ते स्वतःच तो उचलून घेते. तीन वर्षांखालील मुलाला मात्र कडधान्ये, चिंचोके, शेंगदाणे किंवा मणी देऊ नयेत, कारण ते नाकात किंवा श्वासनलिकेत अडकतात. त्या वयासाठी डबे-झाकणे, मोठे चमचे आणि कणकेचा गोळा पुरेसा आहे. त्याहून मोठ्या मुलांजवळही बिया असेपर्यंत कोणीतरी बसलेले असावे, आणि पाण्याचा खेळ चालू असताना क्षणभरही उठून जाऊ नये. खेळ संपला की ताटली, वाट्या आणि सांडलेले दाणे जागच्या जागी ठेवण्याचे काम मुलाकडेच द्यावे. कोसबाडला तो खेळाचाच शेवटचा भाग होता.