ट्यूरिंग कसोटी

यंत्र विचार करू शकते का, या प्रश्नाला पर्याय म्हणून इंग्रज गणितज्ञ ॲलन ट्यूरिंग (१९१२–५४) यांनी सुचवलेली कसोटी. ‘माइंड’ या तत्त्वज्ञानविषयक त्रैमासिकात १९५० साली त्यांनी ती मांडली. विचार म्हणजे काय, या वादात ते शिरलेच नाहीत. परीक्षकाने नजरेआड असलेल्या एका माणसाला व एका यंत्राला टंकलिखित प्रश्न विचारायचे आणि केवळ उत्तरांवरून यंत्र कोणते ते ओळखायचे. सुमारे ५० वर्षांनी, पाच मिनिटांच्या प्रश्नोत्तरांनंतर, सामान्य परीक्षकाचा अंदाज बरोबर येण्याची शक्यता ७० टक्क्यांहून जास्त नसेल, असे भाकीतही त्यांनी केले.

लेखातील एक नमुना मासलेवाईक आहे. ३४,९५७ आणि ७०,७६४ यांची बेरीज विचारल्यावर उत्तर देणारा सुमारे ३० सेकंद थांबतो आणि १,०५,६२१ असे सांगतो. खरे उत्तर १,०५,७२१. शतकस्थानी हातचा धरायला विसरले, की नेमकी हीच चूक होते! यंत्र बिनचूक गणितामुळे उघडे पडेल, म्हणून ते मुद्दाम चुका करील, असे ट्यूरिंग यांनी लेखात पुढे म्हटलेच आहे. कसोटी वरकरणी नीतिनिरपेक्ष दिसते, पण तिच्यात बक्षीस आहे ते बेमालूम सोंगाला. ‘मी यंत्र आहे’ असे सरळ सांगणारे यंत्र नापासच होणार. बुद्धी मोजताना लबाडीला गुण मिळतात, ही तिची खरी अडचण.

संगणकशास्त्रज्ञ जोसेफ वायझेनबाउम यांच्या १९६६ मधील ‘एलायझा’ या प्रोग्रॅमने मानसोपचारतज्ज्ञाचे सोंग घेतले. तो समोरच्याचीच वाक्ये फिरवून प्रश्नरूपाने परत करी, तरी लोक त्याच्याशी मन मोकळे करू लागले. वायझेनबाउम यांना याचा अचंबा वाटला, पुढे धास्तीही. तत्त्वज्ञ जॉन सर्ल यांनी १९८० मध्ये ‘चिनी खोली’चा युक्तिवाद केला : चिनी न येणारा माणूस नियमपुस्तिकेबरहुकूम चिनी चिन्हे जुळवून अचूक उत्तरे देऊ शकेल, पण त्यातले त्याला काहीच कळलेले नसेल. २०१४ मध्ये लंडनच्या एका स्पर्धेत १३ वर्षांचा युक्रेनी मुलगा असल्याची बतावणी करणाऱ्या प्रोग्रॅमने ३३ टक्के परीक्षकांना चकवले. कच्चे इंग्रजी आणि तोकडी माहिती वयावर खपून गेली.

कायद्याचा रोख मात्र उलट्या दिशेने आहे. आपण यंत्राशी बोलत आहोत हे उघड दिसत नसेल, तर ते माणसाला कळले पाहिजे, अशी तरतूद युरोपीय संघाच्या २०२४ च्या कृत्रिम बुद्धिमत्ता कायद्यात आहे.